एक सेकंद

माणसाला उतारवयात कोणते खूळ लागेल याचा नेम नाही. कुणी गुलाबाची कलमे करतो, कुणी होमिओपॅथीची पेटी उघडून शेजाऱ्यांवर प्रयोग करतो, कुणी नातवंडांना पकडून श्लोक शिकवतो. मी रविवारी सकाळी नदीकाठच्या खडकावर उभा राहून एका खेळण्यातल्या बोटीची वेळ मोजतो. खेळण्यातली म्हटले की माझा पुतण्या रागावतो. पण हात-दीड हात लांबीच्या, आत माणूस नसलेल्या, हातातल्या रिमोटवर चालणाऱ्या बोटीला दुसरे काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही.

आमचे गाव पवनार. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीचा पूल लागतो, तेच पवनार. लोकांना ते ठाऊक आहे विनोबांमुळे. १९३८ साली विनोबा येथे राहायला आले, १९४८ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या गेल्या आणि १९५९ साली येथे ब्रह्मविद्या मंदिर उभे राहिले. ‘‘अशा पाण्यात तुम्ही शर्यती लावता, काही वाटत नाही?’’ असे आमच्या घरातून दर हिवाळ्यात एकदा विचारले जाते. वाटते ना! म्हणून तर आम्ही आश्रमापासून पुष्कळ दूर, खालच्या अंगाला जातो. सकाळचा एकच तास बोट चालवतो. आणि तेल पिणारे इंजिन या नदीत कधी उतरवलेले नाही. आमची बोट विजेवर चालते. तिचा आवाज मोठ्या डासाएवढा. डास चावतो, ही चावत नाही, एवढाच फरक.

हे खूळ मूळचे माझे नव्हे, दादाचे. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नागपूरला कॉलेजात असताना तो एन. सी. सी. च्या नौदल शाखेत होता. ज्या विदर्भाला समुद्र म्हणून कसा तो नाही, तेथल्या मुलाने पांढरा गणवेश घालून जहाजांच्या प्रतिकृती कराव्यात, याची आम्ही भावंडे फार चेष्टा करीत असू. त्या शाखेत अशा प्रतिकृतींच्या स्पर्धा होतात. दादाला तेथे बक्षीस मिळाले की नाही ते आठवत नाही. पण लाकूड तासून त्याला पाण्यावर तोलण्याचा नाद लागला तो कायमचा. पुढे तीस वर्षे त्याने लेथवर काढली. लोखंडाच्या कांबीतून केसाएवढे कमी-जास्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या बोटीत ढिलाई कोठून असणार?

दूरवरून बोट चालवण्याची ही कल्पना काही आजची नव्हे. निकोला टेस्ला नावाच्या अवलियाने १८९८ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका हौदात लोखंडी बोट सोडली आणि हात न लावता बिनतारी लहरींनी फिरवून दाखवली. जमलेल्या लोकांना ती जादू वाटली. आता त्या जादूचे जगभर खेळ होतात, त्यांना नियम आहेत, वर्गवाऱ्या आहेत. १९५९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात ‘नाविगा’ नावाची या खेळाची जागतिक संस्थाही स्थापन झाली. दादाचा पहिला रिमोट सत्तावीस मेगाहर्ट्‌झचा होता, हातभर लांब एरियलचा. नंतरचा आखूड, २.४ गिगाहर्ट्‌झचा. रिमोट बदलले, बोटी बदलल्या. नदी तीच राहिली आणि काठावर घड्याळ धरणारा मीही तोच राहिलो.

घड्याळ माझ्याकडे का, तर मी गणिताचा मास्तर. शाळेच्या क्रीडादिनासाठी मी स्वतःच्या पैशांनी घेतलेले एक चावीचे स्टॉपवॉच माझ्यापाशी आहे. डबीएवढे, निकेलचे; एका सेकंदाचे पाच भाग दाखवणारे. वरचे बटन एकदा दाबले की काटा पळू लागतो, दुसऱ्यांदा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की टुणकन शून्यावर येतो. हा तिसरा दाब लक्षात ठेवावा. सगळी हकीकत त्याच्यावर आहे.

आता या खेळात मौज कोठे आहे, ते सांगितले पाहिजे. पाण्यात दोन लाल डबे दगडाला बांधून सोडायचे, दोघांमधले अंतर साठ मीटर. बोटीने त्या दोन डब्यांना वळसा घालीत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायचे. एका फेरीला किती वेळ लागला, हा प्रश्न. उत्तर कमी आले की आनंद. बस्स, एवढेच! पण हे ‘कमी’ आणायला दादा सबंध आठवडा खपत असे.

तुम्हाला वाटेल, मोठी मोटर बसवली की बोट जोरात जाईल. मलाही तसेच वाटे. पण वेगाची बोट पाणी कापीत जातच नाही. ती पाण्यावरून जाते. लहानपणी आपण चपटी खापरी पाण्यावर भिरकावीत असू आणि ती टप्पे घेत दूर जाई, तशी. धावत्या बोटीचा मागचा तेवढा तळ पाण्याला टेकलेला असतो आणि तिचा पंखा अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरतो. म्हणजे ती तरंगतही नसते आणि उडतही नसते. या दोहोंच्या मध्ये एक बारीक जागा आहे. ती सापडली की वेग सापडला. नाक जड झाले तर बोट पाण्याला चिकटते. नाक हलके झाले तर वाऱ्याची एक झुळूक खाली शिरते आणि बोट उताणी. हा तोल साधायचा तो आतली बॅटरी बोटभर पुढे-मागे सरकवून. बोटीचा भार मागच्या टोकापासून लांबीच्या एक-तृतीयांशाच्या किंचित अलीकडे यावा, हा दादाचा ठोकताळा. तो तपासायला आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा जात असे आणि त्यावरून जे महाभारत होई ते वेगळे.

मग तळाच्या मागच्या कडा. त्या सुरीसारख्या धारदार हव्यात. मी एकदा विचारले, ‘‘का रे, मागच्या बाजूला धार कशाला? कापायचं तर पुढून असतं ना?’’ दादाने वहिनींकडून चहाची किटली मागवली. तिच्या जाड तोटीतून चहा हळू ओतला, तर तो तोटीला धरूनच खाली ओघळला आणि बशीऐवजी टेबलावर गेला. ‘‘गोल कडेला पाणी धरून बसतं,’’ तो म्हणाला, ‘‘धारेला सोडून देतं. पाण्यानं बोटीला सोडलं पाहिजे, तर ती पळेल.’’ गणित मी शिकवले खरे, पण पाण्याने सोडावे म्हणून कडेला धार लावणे, हे मला त्या दिवशी किटलीने शिकवले.

नंतर ‘शेपूट’. बोटीच्या मागे पंख्याचा दांडा धरून ठेवणारा पितळी आधार असतो, त्याला दादा शेपूट म्हणे. ते एक मिलिमीटर वर घेतले, तर पंखा पाण्याबाहेर जास्त येतो. बोट सरळ रेषेत सुसाट सुटते आणि वळणावर बेडकासारख्या उड्या मारते. खाली घेतले, तर शहाण्यासारखी वळते, पण धावताना आळसावते. आणि शेवटी पंखा. चाळीस मिलिमीटरचा की बेचाळीसचा? आमच्या बॅटरीत तीन सेल, एकेकाचे ३.७ व्होल्ट, मिळून ११.१. मोटर एका व्होल्टला दोन हजार फेरे घेणारी. म्हणजे मिनिटाला बावीस हजार दोनशे फेरे, निदान कागदावर. अशा गरगराटात पंखा दोन मिलिमीटरने मोठा केला की मोटरच्या जिवावर येते. फेऱ्या झाल्यावर तिच्यावर बोट ठेवून पाच अंक मोजावेत. मोजता आले तर ठीक. चटका बसून मागे घ्यावे लागले, तर पंखा मोठा झाला असे समजावे.

या सगळ्यावर दादाचा एकच नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा बदलला तर त्या दिवशी शेपटीला हात लावायचा नाही. तीन फेऱ्या मारायच्या, वेळ लिहायची, मग पुढचे. हिशेबाच्या लांबट वहीत त्याने रकाने आखले होते : तारीख, वारा, पंखा, शेपूट, बॅटरीची जागा, वेळ. पहिले पाच रकाने त्याचे. सहावा माझा. मी आकडा ओरडून सांगे आणि तो लिहून घेई. त्याने माझे घड्याळ कधी बघायला मागितले नाही.

२०२१ च्या दिवाळीनंतर दादाची मूत्रपिंडे दगा देऊ लागली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. नदीवर यायचे त्याने सोडले नाही. घडीची खुर्ची नेत असू, खुर्चीत बसून तो बोट चालवी. जानेवारीत त्याने २१.४ सेकंदांची फेरी मारली. ती आजवरची सर्वांत जलद. त्यानंतर मात्र वेळ वाढत गेली. बोट तीच, पाणी तेच. बोटे थकली होती.

२० फेब्रुवारी २०२२, रविवार. त्या दिवशी त्याने बेचाळीसचा पंखा लावला आणि शेपूटही एक मिलिमीटर वर घेतले. एका वेळी दोन गोष्टी! त्याचाच नियम त्याने मोडला, तेव्हाच मला समजायला हवे होते की हा माणूस आता घाईत आहे. बोट सुटली ती मोठ्या झोकात. पहिल्या वळणाला दोन उड्या, दुसऱ्या वळणाला तीन. दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत फेरी संपल्यावर त्याने कधी माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

काटा २१.६ वर उभा होता. मी म्हणालो, ‘‘वीस पूर्णांक सहा!’’ आणि तिसऱ्यांदा बटन दाबले. काटा शून्यावर गेला.

एक सेकंद. मी आयुष्यभर मुलांच्या पेपरांतले अर्ध्या गुणाचे घोटाळे लाल शाईने दुरुस्त केले आणि भावाला एक अख्खा सेकंद दान करून मोकळा झालो. दादा हसला. वहीत आकडा लिहिला, रेघ मारली. घरी येताना आम्ही जिलबी घेतली. त्या संध्याकाळी मला आपण काही वाईट केले असे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. उलट फार हुशारी केली असे वाटले.

मे महिन्यात दादा गेला.

त्याचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. उतारवयात झालेला, म्हणून दादाच्या जिवाचा तुकडा. दीड वर्षभर बोट माळ्यावर राहिली. दहावी झाली, अकरावी सुरू झाली आणि २०२३ ची भाऊबीज आटोपल्यावर एक दिवस तो बोट आणि वही घेऊन माझ्या दारात उभा राहिला. ‘‘काका, घड्याळ आहे ना तुमच्याकडे? मला बाबांचं वीस सहा मोडायचंय.’’

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

सांगायला हवे होते. त्याच क्षणी, दारातच. पण मुलाचे डोळे इतके चकाकत होते, आणि दीड वर्षात ते प्रथमच चकाकत होते, की मी म्हटले, सांगू पुढे कधीतरी. शिवाय मनात एक लबाड हिशेबही होता : पोरगा हुशार आहे, नव्या बॅटरीवर मारीलही वीस सहा, मग खोट्याचे आपोआप खरे होऊन जाईल.

त्याने वही उघडली आणि साहजिकच विक्रमाच्या दिवशीचीच मांडणी बोटीला केली. पंखा बेचाळीस, शेपूट वर. रविवारमागून रविवार आम्ही नदीवर जाऊ लागलो. २२.४. २२.२. २२.६. बोट वळणावर उड्या मारी. त्याने बॅटरी पुढे घेतली, मागे घेतली. पंख्याला पॉलिश केले. चव्वेचाळीसचा पंखा मागवून लावला, तशी मोटर अशी तापली की तिच्यावर बोट ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही; बॅटरी पुरीसारखी फुगली आणि ती बादलीतल्या वाळूत घालून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवावी लागली. बॅटरीचा एकेक सेल तीन व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, हे त्याला पाठ होते. पण वेडापुढे पाठ केलेले टिकत नाही. मी घड्याळ धरून उभा असे. आता मी अगदी काटेकोर वेळ सांगत होतो, आणि माझा प्रत्येक खरा आकडा त्याला माझ्याच एका खोट्या आकड्याशी भांडायला लावीत होता.

जानेवारीतल्या एका रविवारी वारा होता. मी नको म्हणत असता त्याने बोट सोडली. सरळ रेषेत नाकाखाली वारा शिरला, बोट हातभर उंच उडाली, उलटी पडली आणि नाहीशी झाली. तेथे मासे धरणारे एक गृहस्थ असतात. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकतात. त्यांनी ती शोधून काढली. ‘‘घ्या मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘तुमची डोंगी लयच रुसली जी. पोराले म्हणा, थोडी दमानं हाक.’’

पोर खडकावर बसले. बोटीतले पाणी उपसले, तळ पुसला. मग मान वर न करता म्हणाले, ‘‘काका, बाबांचा हात माझ्यात नाही. बोट तीच आहे, पंखा तोच आहे. म्हणजे चूक माझ्या हाताचीच ना?’’

आता गप्प राहणे मला शक्य नव्हते. समोर तो दादाची बोट आईने लेकराला पुसावे तशी पुसत होता आणि स्वतःला नालायक ठरवीत होता. कशावरून, तर माझ्या दयाळूपणावरून. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकले. काटा कोठे होता, मी काय वाचले, बटन कसे दाबले, सगळे. शाळेत चोरी कबूल करणाऱ्या मुलांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले होते. आपला तसा चेहरा कसा लागतो, ते त्या दिवशी समजले.

तो काही बोलला नाही. पलीकडच्या काठावर बगळा उभा होता, तो उडून जाईपर्यंत आम्ही दोघेही गप्प. मग त्याने पिशवीतून वही काढली, पान शोधले, त्यावर बोट ठेवून वाचू लागला.

‘‘वीस फेब्रुवारी. पंखा बेचाळीस. शेपूट एक वर. वेळ वीस सहा.’’ त्याने पान उलटले. ‘‘सत्तावीस फेब्रुवारी. पंखा चाळीस. शेपूट खाली. वेळ एकवीस चार.’’

‘‘बरं, मग?’’ मी म्हणालो.

‘‘काका, बोट खरंच वीस सहाला गेली असती, तर बाबांनी पुढच्याच रविवारी सगळं काढून जुनं कशाला लावलं असतं?’’

मी वही त्याच्या हातातून घेतली. ही पाने मी कितीदा चाळली होती! गणिताचा मास्तर मी, आणि दोन ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असताना मला त्यांची वजाबाकी करता आली नव्हती. ज्या माणसाला मोटरच्या नुसत्या आवाजावरून पंख्याची धार बोथटली आहे हे कळत असे, त्याला वळणावरच्या पाच उड्या ऐकून फेरी जलद झाली की मंद, हे कळले नसेल? कळले होते. तेव्हाच कळले होते. आकडा त्याने स्वच्छ अक्षरात लिहून घेतला तो माझ्यासाठी. आणि पुढच्या रविवारी पंखा काढला तो बोटीसाठी. भावाचे मन राखले, आणि बोटीशी खोटे बोलला नाही. मला एकाच वेळी दोन्ही जमले नव्हते.

‘‘बाबांना माहीत होतं,’’ मुलगा म्हणाला. त्याचा आवाज थोडा हलला. पण चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत जे ओझे होते, ते उतरलेले दिसले. तो माझ्यावर रागावला होता का? होता. दोन दिवस त्याने मला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो पाना घेऊन. ‘‘चाळीसचा पंखा लावतोय. शेपूट खाली. शून्यापासून सुरू करू. आणि काका, या वेळी मी म्हणेपर्यंत तिसऱ्यांदा बटन दाबायचं नाही.’’

कबूल, म्हटले.

मग खरे काम सुरू झाले. जुन्या मांडणीवर पहिल्याच दिवशी २२.० आले. बोट उड्या मारायची थांबली. तळाच्या मागच्या कडा खडकांवर घासून बोथट झाल्या होत्या. त्याने बारीक पॉलिश कागदाने त्या पुन्हा धारेवर आणल्या. २१.८. बॅटरी एक सेंटिमीटर मागे. २१.६. येथे गाडे अडले. त्याने पुन्हा मोठ्या मोटरच्या जाहिराती काढल्या. आता माझी पाळी होती.

मी त्याला वाळूत काडीने दोन डबे आणि बोटीची वाट काढून दाखवली. दोन सरळ रेषा, दोन अर्धवर्तुळे. सगळी मिळून सुमारे एकशे अठ्ठावन्न मीटर. ‘‘समज, दोन्ही वळणांवर तू डब्यापासून एक मीटर जास्त लांबून गेलास. किती अंतर वाढलं?’’ दोन अर्धवर्तुळांचे एक वर्तुळ होते आणि त्रिज्या एक मीटरने वाढली; म्हणजे दोन गुणिले पाय. वळण लहान असो की मोठे, वाढ तेवढीच : ६.२८ मीटर. आपल्या वेगाने ते कापायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो. बाजारातली कोणती मोटर तुला तेवढा देईल? मुलगा वाळूकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘लांबचा डबा मला नीट दिसत नाही, काका. बोट त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते कळत नाही. म्हणून भीतीनं लांबून वळवतो.’’

त्यावर करायचे काय? आम्ही बोटीला हातही लावला नाही. आम्हीच सरकलो. दोन्ही डब्यांच्या मधोमध येईल असा, काठाहून पुरुषभर उंच एक काळा खडक होता. त्यावर जाऊन उभे राहिलो. उंचीवरून डबा आणि बोट यांच्यामधले पाणी दिसू लागले. इतके दिवस आम्ही बोट जुळवीत होतो. उभे राहायची जागा जुळवायची राहून गेली होती.

२५ फेब्रुवारी २०२४ च्या रविवारी वारा पडलेला होता. पाणी आरशासारखे. बोट सुटली, पहिल्या डब्याला घासावी इतक्या जवळून वळली, परतली, दुसऱ्याला तशीच. मी बटन दाबले. पाहिले. पुन्हा पाहिले. आणि घड्याळ त्याच्या हातात देऊन म्हणालो, ‘‘तूच वाच.’’

‘‘एकवीस,’’ तो म्हणाला. ‘‘एकवीस पूर्णांक शून्य.’’

दादाच्या खऱ्या वेळेच्या पुढे, माझ्या खोट्या वेळेच्या मागे. त्याने खडकावर बसून वहीत नोंद केली. मला वाटले, आता तो मागचे पान काढून तो आकडा खोडील. त्याने खोडला नाही. मी विचारले, तर म्हणाला, ‘‘राहू दे. बाबांनी लिहिलाय.’’

यंदा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे. बोट माळ्यावरून काढून ठेवा, असा निरोप आला आहे. घरात साफसफाई चालू असल्याने ती तूर्त फराळाच्या डब्यांशेजारी विराजमान आहे आणि वजनकाटा हिशेबाने परत मिळावा, अशी मला ताकीद मिळाली आहे.

घड्याळ मी त्याला देऊन टाकले आहे. त्याच हंगामाच्या शेवटी दिले. त्या दिवशी त्याने रिमोट माझ्या हातात कोंबला, ‘‘काका, एक फेरी तुम्ही मारा,’’ म्हणून. इतकी वर्षे काठावर उभा असून मी बोट कधी चालवली नव्हती. पहिल्या डब्याला मी धडकलो. दुसऱ्याला असा लांबून वळसा घातला की मासे धरणाऱ्या गृहस्थांनी ट्यूब बाजूला घेतली. शेवटी एकदाची फेरी संपली आणि काय झाले कोण जाणे, मी मान वळवून त्या पोराकडे पाहिले.

त्याने काट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. क्षणभर थांबला.

‘‘एकतीस पूर्णांक चार, काका,’’ तो म्हणाला, आणि घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर धरले.